हाताने ओढलेल्या शेवया : मध्य आशियातील लगमान



गेले चार दिवस या मंडपात विद्वान मंडळींची भाषणे झाली. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलले, कोणी नदीजोड प्रकल्पावर. आज पाचव्या दिवशी कामगार संघटनेत हयात घालविलेला एक माणूस मटण आणि शेवया यांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून दोन-तीन सद्‌गृहस्थांनी चिटणिसांकडे चौकशी केली असे समजले. छपाईची चूक झाली असावी असे त्यांस वाटले. पत्रिका बरोबर आहे. विषय आम्ही स्वतःच सुचविला, आणि चिटणिसांनी तो हसत हसत मान्य केला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोणत्याही विषयाला श्रोते मिळतात, या भरवशावर आम्ही उभे आहोत.

विषयाकडे वळण्याआधी आमचा अधिकार सांगितला पाहिजे. पदवी म्हणाल तर आमच्याकडे काही नाही. आमचे वडील मुंबईत गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. दोन वर्षांत शाळा सुटली आणि आम्ही एका हॉटेलात फडके मारावयास लागलो. तेथून भटारखान्यात, भटारखान्यातून संघटनेत, आणि संघटनेच्या कचेरीशेजारी नगरपालिकेचे वाचनालय होते म्हणून पुस्तकांत, असा आमचा प्रवास झाला. तीस वर्षे आम्ही हॉटेलांतल्या आणि उपाहारगृहांतल्या कामगारांचे काम करीत आहोत. म्हणजे अन्न शिजविणाऱ्या माणसांशीच आमचा जन्म गेला. अन्नावर बोलण्याचा अधिकार इतकाच.

२०१९ साली कामगार कार्यकर्त्यांच्या एका लहानशा तुकडीबरोबर आम्हांस ताश्कंदला जाण्याचा योग आला. ताश्कंद हे नाव आपल्याला परके नाही. १० जानेवारी १९६६ रोजी तेथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींनी तेथे देह ठेवला. आमच्या चळवळीतल्या लोकांना ते गाव त्याही आधीचे ठाऊक असते, कारण मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२० च्या ऑक्टोबरात तेथेच परदेशस्थ भारतीय कम्युनिस्टांचा पहिला पक्ष स्थापन केला. गावात शास्त्रीजींच्या नावाची शाळा आहे आणि तेथे मुले हिंदी शिकतात. अशाच एका हिंदी शिकलेल्या तरुणाने आम्हांस चार दिवस सांभाळले.

बाजारात पाऊल टाकले आणि आम्ही चकित झालो. बाजाराला तेथे ‘बोझोर’ म्हणतात, चहाला ‘चोय’, जिऱ्याला ‘झिरा’, मांसाला ‘गोश्त’, जेवणाच्या अंथरलेल्या कापडाला ‘दस्तरखान’. फारसीने त्यांच्याही घरात आणि आपल्याही घरात शब्द ठेवून दिलेले आहेत. एके ठिकाणी मात्र फसगत झाली. आमच्यातल्या एका शाकाहारी मित्राने ‘सब्झी, सब्झी’ म्हणून मागणी केली आणि दुकानदाराने त्याच्या पिशवीत दोन किलो गाजरे घातली. उझबेकीत सब्झी म्हणजे गाजर! शब्द ओळखीचा दिसला म्हणजे माणूस ओळखीचा झाला असे नव्हे, हा धडा त्या गाजरांनी दिला.

त्याच बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लहान खानावळ होती. पाच-सहा बाके, दाराशी हात धुण्याची तोटी. समोर खोल वाडगा आला. त्याला तिकडे ‘कोसा’ म्हणतात. तळाशी लांबच लांब, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या शेवया, त्यांवर मेंढ्याच्या मांसाचे लहान तुकडे, गाजर, मुळा, ढोबळी मिरची, टोमॅटो, लसूण, आणि हे सारे तांबूस रश्श्यात. वर कोथिंबीर. शेजारी लालभडक तिखटाची वाटी. हे लगमान. एक वाडगा खाल्ला की हमालाला संध्याकाळपर्यंत भूक लागू नये, असे ते भरीव अन्न आहे. पण आमचे लक्ष वाडग्याकडे राहिले नाही. आतून सारखा धप्‌, धप्‌ असा आवाज येत होता. सवयीने आम्ही भटारखान्यात डोकावलो. साठीच्या आसपासची एक बाई ओट्यापाशी उभी राहून दोन्ही हातांत पिठाचा दोर धरून तो ओट्यावर आपटीत होती आणि प्रत्येक आपटण्यासरशी तो दोर लांबत होता. सारे तिला ‘ओपा’ म्हणत. ओपा म्हणजे थोरली बहीण, आपली आक्का. पुढचे तीन दिवस आम्ही सकाळच्या बैठका संपवून दुपारी तिच्या हाताखाली काढले.

प्रथम नावाचा विचार करू. लगमान हा शब्द चिनी ‘लामिएन’ यावरून आला. ‘ला’ म्हणजे ओढणे आणि ‘मिएन’ म्हणजे पिठाच्या शेवया. ओढलेल्या शेवया, इतका साधा अर्थ. भाषेचे अभ्यासक आणखी एक खूण दाखवितात. अस्सल तुर्की कुळातले शब्द ‘ल’ने सुरू होत नाहीत. तेव्हा उझबेकी किंवा उइघुर भाषेत ‘ल’ने सुरू होणारा शब्द दिसला की तो पाहुणा समजावा. लगमान हा असा पूर्वेकडून आलेला पाहुणा आहे, आणि आता तो घरचाच झाला आहे.

शेवया किती जुन्या, याचाही शोध लागलेला आहे. चीनच्या छिंगहाय प्रांतात लाजिया नावाच्या ठिकाणी उत्खननात एक पालथे पडलेले मातीचे भांडे मिळाले. त्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया होत्या. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या शेवया गव्हाच्या नसून राळे आणि वरी यांच्या होत्या असे संशोधकांचे म्हणणे पडले. राळे-वरीच्या पिठाला चिकटपणा नसतो, मग त्यांच्या शेवया झाल्या कशा, यावर पुढे वाद झाला. राळे आणि वरी हे शब्द ऐकून या सभेतल्या वडीलधाऱ्यांना आपले माळरान आठवले असेल. सांगावयाचे इतकेच की पीठ ताणून त्याचा धागा करावा ही कल्पना फार जुनी आहे आणि ती कोण्या राजाच्या मुदपाकखान्यात सुचली असे मानण्यास आधार नाही.

हे अन्न चीनच्या बाजूने पश्चिमेकडे आले ते कसे? व्यापारी तांड्यांबरोबर तर आलेच असेल. पण माणसे जेव्हा आपला संसार पाठीवर घेऊन पळतात तेव्हा भांडी मागे राहतात आणि पदार्थ बरोबर येतात. चीनच्या शान्शी-कान्सू भागातील मुसलमानांचा उठाव मोडल्यावर १८७७-७८ च्या हिवाळ्यात दुंगान लोक थ्येनशानचे बर्फ ओलांडून आजच्या किरगिझस्तान-कझाखस्तानात उतरले. १८८१ च्या तहाने रशियाने इली खोरे चीनला परत केले, तेव्हा हजारो उइघुर कुटुंबे सरहद्दीच्या अलीकडे येऊन राहिली. आणि १९६२ साली, चीनमध्ये उपासमारीची वर्षे नुकतीच उलटली असता, साठ हजारांच्या आसपास लोक त्याच इली-तारबगताई भागातून सोव्हिएत कझाखस्तानात आले. ओपाचे आईवडील या शेवटच्या लोंढ्यातले. ती स्वतः अलीकडे जन्मली आणि लग्न होऊन ताश्कंदला आली. तिच्या आईने सरहद्द ओलांडताना काय आणले असे आम्ही विचारले. ओपाने आपले दोन्ही हात वर करून दाखविले.

आता कृतीकडे येऊ. चार-पाच माणसांना पुरेल असे प्रमाण सांगतो. मैदा अर्धा किलो, मीठ लहान चमचाभर, पाणी साधारण पाव लिटर. काही जण एक अंडे घालतात, मग पाणी तेवढे कमी करावे. मीठ पाण्यात विरघळवून ते थोडे थोडे घालीत पीठ घट्ट भिजवावे आणि दहा-पंधरा मिनिटे चांगले तिंबावे. कानाच्या पाळीसारखे मऊ लागले की ओल्या फडक्याखाली झाकून तासभर मुरू द्यावे. मुरलेले पीठ पुन्हा मळून त्याचे लिंबाएवढे उंडे करावे, प्रत्येक उंड्याची बोटाएवढी जाड वळी वळावी, तिला तेलाचा हात लावून ताटात चकलीसारखी गोल मांडावी आणि पुन्हा वीस मिनिटे थांबावे. मग त्याच वळ्या पेन्सिलीएवढ्या बारीक कराव्यात, पुन्हा तेल, पुन्हा विश्रांती. तेल कंजुषीने लावू नये. वरची साय सुकली की ताणताना तेथेच तुटते.

एवढा थांबण्याचा खटाटोप का, हे समजून घेण्यासारखे आहे. गव्हात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी लागून मळले गेले की ती एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. यालाच आपण पिठाचा चिकटा म्हणतो. एक प्रथिन ताण देते, दुसरे सैलपणा देते. मळून मळून जाळे घट्ट होते आणि त्या वेळी पीठ ओढले तर ते आखडून मागे जाते किंवा तुटते. थोडे सोडून दिले की जाळे सैलावते आणि मग तेच पीठ हातभर लांब जाते. मीठ या जाळ्याला बळकटी देते. ओपा म्हणाली, “ते मागे ओढत असेल तर भांडू नका. खाली ठेवा, दुसरे काम करा, मग परत या.” मालकांबरोबरच्या वाटाघाटींत हे शहाणपण आम्हांस वीस वर्षे उशिरा आले होते!

आपल्या आयाबहिणींना हे सांगण्याची गरज नाही. चैत्र-वैशाखात वाळवणे सुरू झाली की घाटावर आणि मराठवाड्यात पाटावरच्या शेवया होतात. बन्सी गव्हाचा रवा-मैदा काढून तिंबलेले पीठ पाटावरून हाताने ओढीत सुतासारखे बारीक करून काठीवर वाळत घालणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. खानदेशात पुरणाचे मांडे हातावर फिरवून धोतरासारखे पातळ करतात. विदर्भात सरगुंडे काडीवर गुंडाळतात आणि वाफवून आमरसाबरोबर खातात. ओपाच्या ओट्यावर जे चालले होते ते याच कुळातले. फरक इतका की आपण शेवया वाळवून वर्षभर ठेवतो आणि तिकडे त्या ओल्याच उकळत्या पाण्यात जातात.

ओढण्याची रीत अशी. वळीचे एक टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरावे आणि उजव्या हाताच्या चिमटीतून ती सरकवीत बारीक करीत जावी. सारी वळी अशी झाली की सूतगुंडी गुंडाळतो तशी ती दोन्ही पंजांभोवती गुंडाळावी, हात फाकून ताण द्यावा आणि मधला भाग ओट्यावर आपटावा. आपटले की दोर लवतो आणि हात फाकले की लांबतो. तीन-चार आपटण्यांत शेवया तयार. लगेच खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडाव्यात, दोन-तीन मिनिटांत वर येतात. बाहेर काढून गार पाण्यात धुवाव्यात, म्हणजे शिजणे थांबते आणि वरचा राप निघून जातो. मग तेलाचे बोट लावून ठेवावे.

आमच्या पहिल्या प्रयत्नाचे वर्णन न केलेलेच बरे. वळी तीन ठिकाणी तुटली आणि एक तुकडा भिंतीवर जाऊन चिकटला. भांडी घासणारी पोरगी इतकी हसली की तिच्या हातची पेली सुटली. तिसऱ्या दिवशी कोठे एक वाडगाभर शेवया आमच्या हातून उतरल्या, त्याही एक जाड, एक बारीक. ओपाने त्या कोणा गिऱ्हाइकाला न देता स्वतः खाल्ल्या.

वरचा रस्सा, ज्याला उइघुर लोक ‘साय’ म्हणतात, त्याचे प्रमाण असे. मेंढ्याचे अगर कोकराचे मांस अर्धा किलो, बोराएवढे तुकडे करून. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे असते. तेही चालते, फक्त शिजावयास अधिक वेळ द्यावा लागतो. दोन कांदे, दोन गाजरे, एक मुळा, एक बटाटा, दोन ढोबळ्या मिरच्या, तीन टोमॅटो, मूठभर कोबी, सात-आठ पाकळ्या लसूण. मसाल्याला जिरे, थोडे धणे, लाल तिखट, आणि आवडत असल्यास चक्रीफुलाची एक पाकळी. हळद नाही, खोबरे नाही. तिकडे दुंब्याच्या शेपटीची चरबी कढईत वितळवून त्यात रांधतात, आपण तेल घ्यावे.

कढई चांगली तापवावी. तेल धुरावू लागले की मांस घालून मोठ्या आचेवर तांबूस करावे. येथे घाई केली, किंवा सारे मांस एकदम लोटले, तर पाणी सुटते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते. मग कांदा, तो मऊ झाला की गाजर आणि मुळा, मग टोमॅटो आणि तिखट. टोमॅटो विरघळले की लिटरभर गरम पाणी, मीठ, जिरे-धणे घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर मांस मऊ होईतो, कोकराचे असल्यास पाऊण तास, ठेवावे. बटाटा शेवटच्या वीस मिनिटांत, ढोबळी मिरची आणि कोबी शेवटच्या सात-आठ मिनिटांत, आणि ठेचलेला लसूण आच बंद करण्याच्या जरा आधी. प्रत्येक भाजी आपापल्या वेळी गेली तर प्रत्येकीची चव निराळी राहते. सारे एकदम टाकले तर आमटी होते. मांस न खाणाऱ्यांनी मांस वगळावे, घेवड्याच्या शेंगा आणि बटाटा वाढवावा. रस्सा फिका पडत नाही.

यातला बटाटा, टोमॅटो आणि मिरची मूळची अमेरिकेची आहेत, हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली, म्हणून तर आपण ‘बटाटा’ हा त्यांचाच शब्द बोलतो. मध्य आशियात बटाटा एकोणिसाव्या शतकात रशियन वसाहतवाल्यांबरोबर पोचला. तेव्हा हा एक वाडगा पाहिला तर शेवया चीनच्या, जिरे-गाजर इराणकडचे, मेंढी गवताळ रानातली आणि बटाटा समुद्रापलीकडचा. लगमान आमचेच, असे म्हणून जो तो भांडतो, त्याला हे उत्तर आहे.

वाढताना शेवया गरम पाण्यात बुडवून काढाव्यात, वाडग्यात ठेवाव्यात आणि वरून साय घालावी. पूर्वेकडे इलीच्या बाजूला ही साय घट्टसर, परतल्यासारखी असते. पश्चिमेकडे ताश्कंदला येईपर्यंत तिचा रस्सा होतो. उरलेल्या शेवया दुसऱ्या दिवशी भाज्यांबरोबर परततात, तो परतलेला लगमान. सोबत ‘लाझा’ हवा. लाल मिरचीची भरड आणि ठेचलेला लसूण यांवर कडकडीत तेल ओतावे आणि थोडा शिरका घालावा. आपल्या लसणाच्या ठेच्याचा तो सख्खा भाऊ. आम्ही तो खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आले, ते घरच्या आठवणीने की मिरचीने हे सांगता येत नाही.

डोळ्यांतल्या पाण्याचीच गोष्ट आली आहे तर एक दुसरी सांगतो. शेवटच्या दिवशी ओपाला आम्ही विचारले की इलीला तुमचे कोणी आहे का. ती म्हणाली, मावसभाऊ आहे, त्याची मुले आहेत. पूर्वी सणाला फोन येई. २०१७ पासून येत नाही. आपण करावा तर त्यांच्यावर काही येईल या भीतीने ती करीत नाही. एवढे सांगून तिने पुढची वळी उचलली. तिकडे शिनच्यांगात लक्षावधी उइघुरांना छावण्यांत डांबल्याचे वृत्तान्त तोवर जगभर गेले होते. पुढे ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अहवाल आला आणि तेथील स्थानबद्धता मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतील असे त्यात म्हटले गेले. चीन सरकारने तो अहवाल फेटाळला. आम्ही लाल बावट्याखाली वाढलेली माणसे. बावट्याचा रंग तोच असला म्हणून त्याखाली होणारा अन्याय आमचा होत नाही आणि त्याबद्दल गप्प बसण्याची मुभाही आम्हांस मिळत नाही. हे बोलावयास आम्हांस बरीच वर्षे लागली, म्हणून येथे उघड बोलतो.

परत आल्यावर आम्ही घरी लगमानाचा घाट घातला. आई तेव्हा सत्तरी ओलांडलेली. ती मांस खाते, पण ‘मैद्याचे काहीतरी परदेशी’ म्हणून नाक मुरडीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. आमची वळी नेहमीप्रमाणे तुटली. दुसरी तुटली. तिसरीला ती उठली, हात धुतले, वळी घेतली आणि बोलता बोलता अशी ओढली की पंजांभोवती आठ पदर झाले. माहेरी पाटावरच्या शेवया केलेला हात. चाळीस वर्षांत त्या केल्या नव्हत्या, तरी हात विसरला नव्हता.

जेवताना गोष्टी निघाल्या. आम्ही ओपाच्या खांद्याचे सांगितले. तिचा उजवा खांदा वर होत नसे, पदर सावरावयाचा तर डावा हात लागे. आई म्हणाली, “मग माझा कोठे होतो?” आम्ही पन्नाशीला टेकलेलो, कामगारांच्या दुखण्यांच्या नुकसानभरपाईची शेकडो प्रकरणे हाताळलेली, आणि आईचा हात वर होत नाही हे आम्हांस त्या रात्री कळले.

संपाआधी आमची आई खाणावळ चालवीत असे. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा गडी जेवावयाचे, दोन वेळा, माणशी चार भाकरी. हिशेब करा, दिवसाला एकशे बारा भाकरी, घरच्यांच्या निराळ्या. संप सुरू झाला आणि पगार थांबले. गडी जेवत राहिले, आई वहीत मांडीत राहिली. वाण्याने उधारी बंद केली तेव्हा तिने हातातल्या पाटल्या मोडल्या. मग एकेक गडी गावी गेला. काहींनी पुढे पैसे पाठविले, बरेचसे पाठवू शकले नाहीत. ती वही अजून आमच्या घरी आहे. संपावर पुस्तके झाली, आम्ही ती वाचली. त्यांत कामगारांची संख्या आहे, बुडालेल्या दिवसांची आहे, बंद पडलेल्या मागांची आहे. भाकऱ्यांची संख्या आम्हांस कोठे आढळली नाही. एवढा मोठा संप जितके दिवस टिकला तितके दिवस तो या बायकांच्या तव्यावर टिकला होता, आणि आमच्या सभांतून त्यांना व्यासपीठावर बोलाविल्याचे आम्हांस स्मरत नाही. हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. पुढे तीस वर्षे आम्हीही सभा भरविल्या, आणि सभेनंतरचा चहा कोणी केला हे आम्हीही विचारले नाही.

ज्यांनी विचारले अशा व्यक्ती होत्या. कामगार चळवळीतूनच आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली. सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात जाणे ही त्या बायकांच्या दृष्टीने लहान क्रांती नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्याला उपाहारगृहाची सक्ती करण्याची तरतूद झाली, तीही कामगाराचे पोट हा कारखान्याच्या हिशेबातला विषय आहे असे मान्य केल्यामुळे. घरातल्या चुलीला मात्र कायदा नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय, घरकामाला हातच न लावणारे पुरुष या ९७ मिनिटांत धरलेले नाहीत! ते धरले तर काय उरेल हे या मंडपातल्या पुरुषांनी मनातल्या मनात ठरवावे.

आम्ही ठरविले. त्या रात्रीपासून आठवड्यातून एक दिवस घरची चूल आमच्याकडे आहे. मोठेपणाचे काही नाही. सात दिवसांतला एक म्हणजे वाटाघाटीतली पहिलीच मागणी म्हणावी लागेल. लगमान महिन्यातून एकदा होतो. वळ्या आता क्वचित तुटतात. भाज्या चिरणे, पीठ तिंबणे, ओढणे, रांधणे आणि नंतरची भांडी, असे सारे मिळून साडेतीन तास जातात. पानावर बसल्यावर ते दहा मिनिटांत संपते. हा साडेतीन तास आणि दहा मिनिटांचा हिशेब ज्याने स्वतःच्या खांद्यावर एकदा घेतला, त्याला ताटातले अन्न पूर्वीसारखे दिसत नाही.

म्हणून आमची विनंती साधी आहे. येथून घरी गेल्यावर या आठवड्यात एकदा लगमान करून पाहा. मटणाचा करा, भाज्यांचा करा. पुरुषमंडळींनी करावा. पीठ मागे ओढेल, तेव्हा खाली ठेवून थांबा. तुटेल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात द्या आणि तिचा हात कसा चालतो ते पाहा. आणि जेवण झाले की तिला विचारा, तुझा खांदा दुखतो का. उत्तर ऐकून घेण्यापुरता वेळ जवळ ठेवा.